आकडे कापलेलं पुस्तक

शाळेत तिला सगळे डिंकबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं नाव जास्त टिकतं, आणि ते आपल्याला चिकटलंय हे तिलाही चांगलं ठाऊक होतं. ती शाळेची ग्रंथपाल. कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, ते फक्त कार्यालयातल्या कारकुनाला माहीत. बोटांना कायम खळीचा वास, नखांत वाळलेला डिंक, बाहीला दोऱ्याचे तुकडे; मुलांनी दुसरं काय नाव ठेवायचं?

तिचे वडील पुस्तकं बांधायचे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, पुठ्ठे चढवले, आणि एकही धड वाचलं नाही, कारण वाचायला बसलं की गिऱ्हाईक यायचं. मुलीने ती कसर भरून काढली. ती बांधायचीही आणि वाचायचीही. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तिने वडिलांचा पुस्तक आवळून धरायचा लाकडी शिकंजा, सुरी आणि दाभण आणून ठेवले होते, भिंतीवर त्यांचा फोटो लावला होता. शाळेचं फाटकं पुस्तक बाहेर कुणाकडे दुरुस्तीला गेलं असं वीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं, आणि याचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

तिच्या घरी तिची भाची राहायची. धाकट्या बहिणीची मुलगी, वय चौदा, इयत्ता नववी. बहीण दूरच्या शहरात इस्पितळात परिचारिका होती. 'सहा महिन्यांत घेऊन जाते' म्हणून तिने मुलीला सोडलं, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. दर रविवारी फोन यायचा, दर फोनवर नवा महिना सांगितला जायचा. मुलीला सोडून जाताना बहीण म्हणाली होती, "माझ्याकडे तिला काय मिळणार? तुझ्याकडे निदान पुस्तकं तरी आहेत." हे वाक्य डिंकबाईने फारच मनावर घेतलं. बहीण येईल तेव्हा तिच्या हातात एक वाचणारी मुलगी ठेवायची, असं तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं.

आणि भाची वाचेना. अभ्यासाचं वाचायची, पास व्हायची, पण आपणहून एक पुस्तक? नाव नको. डिंकबाईने उशीजवळ पुस्तक ठेवलं, त्यावर भाचीने चहाचा कप ठेवला. वाढदिवसाला पुस्तक दिलं, ते टेबलाच्या आखूड पायाखाली गेलं. टेबल मात्र तेव्हापासून डगमगायचं थांबलं, हे कबूल करायला हवं.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी नववीची यादी काढली. वर्षभरात ज्यांच्या नावावर एकही पुस्तक चढलं नाही अशी नऊ मुलं. त्यांच्यासाठी दर गुरुवारी शेवटचा तास 'वाचन तास' ठरला, ग्रंथालयात, डिंकबाईच्या देखरेखीखाली. यादीत पहिलं नाव भाचीचं होतं. शिक्षकांच्या खोलीत त्यावर दोन दिवस चहा गोड लागला. डिंकबाईच्या ते जिव्हारी लागलं.

वाचन तासाला त्या नऊजणांनी जे केलं त्याला वाचन सोडून काहीही म्हणता आलं असतं. एकजण डोळे उघडे ठेवून झोपायचा. एक मुलगी पानं वाचायच्या ऐवजी मोजायची. दुसरी एक शाळेच्या संघाची गोलरक्षक होती, तिला सगळे गोलकी म्हणत. ती पुस्तक वर उडवून झेलायची. आणि एक होता घड्याळ. डोक्यावर भिंतीचं एवढं थोरलं घड्याळ असताना तो दर पाच मिनिटांनी "बाई, किती वाजले?" विचारायचा. भाची खिडकीशी बसून पान उलटायची, दर दोन मिनिटांनी एक, न चुकता. इतक्या नियमाने कुणी वाचत नाही, हे डिंकबाईला कळत होतं. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं, 'मावशी' नाही, असा घरचा करार होता. भाची तोही नियम तितक्याच नेमाने पाळायची.

एका गुरुवारी सकाळी घरात वाजलं. डिंकबाईने नेहमीप्रमाणे न्याहारी पुढे ठेवता ठेवता विचारलं, "मागच्या आठवड्यात दिलं होतं ना, त्यात ती मुलगी शेवटी घर का सोडते गं?"

"तुला माहीत आहे ना?" भाची म्हणाली.

"मला माहीत आहे. तुला काय वाटलं ते विचारतेय."

"मावशी, तू पुस्तक देत नाहीस, परीक्षा देतेस. फक्त प्रश्न विचारायच्या आधी तीनशे पानं वाचायला लावतेस."

भाची उठून गेली. ताटात अर्धं तसंच राहिलं. डिंकबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, तो मुख्यतः यासाठी की पोरीचं म्हणणं खरं होतं.

त्याच तणतणीत ती शाळेत आली आणि कामाला बसली. मागच्या खोलीत एक जुनी कादंबरी दुरुस्तीला आली होती. शाळेची नव्हती. चित्रकलेचे सर, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेले, ती स्वतः घेऊन आले होते. वेष्टन गेलेलं, नावाचं पान गेलेलं, पाठ कुजून शिवण सुटलेली. सरांच्या बायकोचं पुस्तक. ती गेल्याला वर्ष झालं होतं. "दुसरी प्रत मिळत नाही हो बाई, मी शोधली," सर म्हणाले होते, "नीट होईल ना?" डिंकबाईने न बघताच 'होईल' म्हणून सांगितलं होतं. पुढच्या शुक्रवारी ते न्यायला येणार होते.

पाठ इतकी कुजली होती की प्रत्येक पान सुटं करावं लागलं. एकशे बारा सुटी पानं. कडा झिजून वेड्यावाकड्या झालेल्या. आता वडिलांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी तिच्या हातावर पट्टी मारून शिकवला होता: पुस्तक शिवून झाल्याशिवाय त्याला सुरी लावायची नाही. तिने तो चाळीस वर्षं पाळला होता. त्या दिवशी मात्र कडा एकदाच सरळ करून घेऊ आणि मग शिवू, असं तिच्या रागावलेल्या डोक्यात आलं. तिने गठ्ठा शिकंज्यात धरला आणि खालच्या बाजूने सुरी ओढली.

सुरी झकास चालली. कापलेली पट्टी टेबलाखाली पडली. डिंकबाई गठ्ठा उचलून ग्रंथालयातल्या मोठ्या टेबलावर आली, तेवढ्यात तास झाला आणि नऊजण आत आले. गोलकीने आल्या आल्या सवयीने पंख्याचं बटण फिरवलं, तेही थेट पाचवर.

पानं उठली. टेबलावरून, कपाटांवरून, खिडकीपर्यंत. गोलकीने झेप घेतली आणि एक पान पकडलं. बाकीची एकशे अकरा हळूहळू जमिनीवर उतरली.

"सॉरी बाई," गोलकी म्हणाली. "लावून देते नंबरानं."

डिंकबाईने खाली वाकून एक पान उचललं. दुसरं उचललं. तिसरं उचललं आणि तिथेच फरशीवर बसली. पानांचे आकडे खाली, अगदी तळाशी छापलेले होते. ते सगळे मागच्या खोलीत, टेबलाखाली, एका लांबट पट्टीच्या चिंधड्यांत पडले होते. सरळ कापलेल्या कडांवरून कुठली चिंधी कुठल्या पानाची हे कळायला मार्ग नव्हता. प्रकरणांनाही आकडे नव्हते. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर नुसतं एक छोटं फूल होतं, सगळीकडे तेच.

वीस वर्षांत मुलांनी तिला रागावलेलं पाहिलं होतं, कंटाळलेलं पाहिलं होतं, पण फरशीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. घड्याळनेसुद्धा वेळ विचारली नाही.

"कुणाचं आहे?" भाचीने विचारलं.

डिंकबाईने सगळं सांगितलं. सुरीचं, नियमाचं, सरांच्या बायकोचंही. लपवायची ताकद उरली नव्हती.

"मग तुम्हाला गोष्ट माहीत असेल ना," घड्याळ म्हणाला. "तुम्ही सांगा, आम्ही लावतो."

"मी हे वाचलेलं नाही रे."

"खरंच तुम्हाला माहीत नाही?" भाचीने विचारलं. तिने आवाज चढवला नव्हता, पण डिंकबाईला सकाळचं ताट आठवलं.

"खरंच नाही."

भाचीने पायाजवळचं एक पान उचललं, तळाची ओळ वाचली. "'तिने वल्हं उचललं आणि', एवढंच आहे. म्हणजे पुढच्या पानाची सुरुवात अर्ध्या वाक्याने होणार. कुणाकडे आहे अर्धं वाक्य?"

नऊजण फरशीवर बसले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा सात पानं एकमेकांना जुळली होती. मोजायचा नाद असलेल्या मुलीने पानं मोजली, एकशे बारा भरली, एकही हरवलं नव्हतं, हीच काय ती चांगली बातमी. घरी जाताना घड्याळने दाराशी थांबून विचारलं, "बाई, उद्या मधल्या सुट्टीत उघडं असतं का हे?" तिने मान हलवली. ग्रंथालय गेली वीस वर्षं मधल्या सुट्टीत उघडं असायचं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ आले. डिंकबाईने खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळ्या बांधल्या आणि कपड्यांचे चिमटे आणले. जुळलेली पानं त्यावर लटकू लागली. अर्ध्या वाक्याला अर्धं वाक्य मिळालं की आरडाओरडा व्हायचा, आणि शांतता राखा अशा पाटीखाली बसून डिंकबाई तो ऐकून घ्यायची. सोमवारपर्यंत प्रकरणं तयार झाली, तेवीस झुपके, ओळखीपुरते चिठ्ठीवर नंबर घातलेले. आता प्रश्न होता की कुठलं प्रकरण आधी आणि कुठलं नंतर. तो अर्ध्या ओळींवर सुटणारा नव्हता. त्याला गोष्ट कळायला हवी होती.

गोष्ट एका नावाडणीची होती. नदीवर तिची होडी, एक कुत्रा, आणि पलीकडच्या तीरावर शिकायला गेलेला भाऊ. एक अनोळखी माणूस पेटी घेऊन होडीत चढतो आणि पैलतीराला उतरतो तेव्हा त्याच्याजवळ पेटी नसते. झालं. पेटी कुठे गेली, यावर नववीतल्या नऊ मुलांनी आकाशपाताळ एक केलं.

"इथे कुत्रं भुंकतंय. म्हणजे जिवंत आहे. हे आधी."

"अरे, पण इथे होडीला हिरवा रंग आहे, आणि रंग तर पुरानंतर दिला ना तिने?"

"मग कुत्रं पुरात मेलं नाही. हरवलं फक्त."

"मेलं नाही?" डोळे उघडे ठेवून झोपणारा मुलगा खाडकन जागा झाला होता. "दाखव. कुठल्या पानावर?"

भिंतीवर तक्ता लागला. कुत्रा आहे, कुत्रा नाही. होडी काळी, होडी हिरवी. नावाडणीचा हात धड, हात मोडलेला. डिंकबाईला कुणी काही विचारत नव्हतं, कारण तिला त्यांच्यापेक्षा जास्त माहिती नव्हती. एकदा ती पेटीबद्दल आपला अंदाज सांगायला गेली, तर गोलकी म्हणाली, "नाही बाई, तुम्ही सोळावा झुपका वाचला नाहीये." बाईने निमूटपणे सोळावा झुपका वाचला. बरं वाटलं तिला. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी सगळं लागलं, एक पान सोडून.

ते एक पान म्हणजे एक आख्खं प्रकरण होतं. वर फूल, पुढच्या बाजूला मजकूर, मागच्या बाजूला अर्ध्यावर संपलेला. अर्धं वाक्य कुठेच नाही. त्यात कुत्रा नव्हता, पेटी नव्हती, होडीचा रंग नव्हता. नावाडीण रात्री झोपडीत एकटी बसते, दोन कप मांडते, एका कपातून पिते, दुसरा पुसून ठेवते. बस्स.

"हे शेवटी," डिंकबाई म्हणाली. शेवटी भाऊ येत नाही, असं कळवणारं पत्र येतं, तेवढं एव्हाना सगळ्यांना माहीत होतं. "तो येणार नाही हे कळल्यावर ती त्याच्या आठवणीत बसलीय."

आठजणांनी माना डोलावल्या. भाचीने डोलावली नाही. तिने ते पान वहीत घातलं आणि घरी नेलं.

घरी डिंकबाईने जेवताना काही विचारलं नाही. विचारायचं नाही, एवढं ती शिकली होती, पण जीव टांगणीला लागला होता. भाची पान पुढ्यात घेऊन बसली होती. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, ताट बाजूला सारून पुन्हा वाचलं.

"हे शेवटचं नाही," ती म्हणाली. "हे मधलं आहे. पूर आला त्या रात्रीचं. ती अजून वाट बघतेय."

"कशावरून?"

हा प्रश्न परीक्षेचा नव्हता. डिंकबाईला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"ती दुसरा कप पुसून ठेवते. तो न वापरलेलाच आहे ना? मग पुसते कशाला? येणार नाही हे माहीत झालं की माणूस वस्तू नुसती ठेवून देतो. येणार असेल तरच पुसतो." भाची पानाकडेच बघत होती. "मी आईचा टॉवेल दर रविवारी धुते. फोन यायच्या आधी."

तीन वर्षं एका घरात राहून डिंकबाईला हे माहीत नव्हतं. दोरीवर रविवारी तो निळा टॉवेल दिसायचा आणि तिला वाटायचं, पोरीचाच असेल. पोरीला वाचणारी करून आईच्या हातात द्यायची म्हणून ती इतकी पुस्तकं या घरात आणत होती, आणि या घरात कोण कुणाची वाट बघतंय एवढं साधं तिने वाचलं नव्हतं. ती उठली, भाचीच्या मागे गेली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. भाचीने हात काढला नाही.

शुक्रवारी चित्रकलेचे सर आले. पानं शिकंज्यात क्रमाने लावून ठेवली होती, शिवली नव्हती. ते मावशी-भाचीचं ठरलं होतं. आधी सांगायचं, मग शिवायचं. डिंकबाईने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली. नऊ मुलं कपाटांना टेकून उभी होती, जणू सुरी त्यांनीच ओढली होती.

सरांनी गठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला. मग खुर्चीवर बसले.

"मी हे कधी वाचलेलं नाही," ते म्हणाले. "मी चित्रं काढत बसायचो आणि ती मोठ्यानं वाचायची. दरवर्षी एकदा. त्यामुळे डोळ्यांनी मला काही सांगता यायचं नाही. कानांनी सांगेन. वाचा."

डिंकबाईने चष्मा लावला. भाची पुढे झाली आणि तिने गठ्ठा ओढून घेतला.

"बाईंना पहिली पानं नीट माहीत नाहीत," ती म्हणाली. "मी वाचते."

वर्गात उभं करून वाच म्हटलं की ही मुलगी खाली बघायची. आता ती वाचू लागली, आधी चाचरत, मग सरळ. सरांनी डोळे मिटले. मधूनच ते हसायचे, जिथे मुलंही आधी हसली होती तिथेच. पेटी होडीत चढली. कुत्रा भुंकला. शेवटचा तास संपल्याची घंटा झाली. गोलकीने दप्तर उचललं नाही. घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाला पाठ करून बसला होता. शिपाई कुलूप घेऊन आला आणि दारातच ऐकत उभा राहिला.

पूर आला. पाणी झोपडीच्या उंबऱ्याला लागलं. मग ते पान आलं. भाचीने त्याच्या आधी एक क्षण डिंकबाईकडे पाहिलं आणि वाचलं. दोन कप. एका कपातला चहा. "'दुसरा कप तिने पुसला आणि फळीवर सुलटा ठेवला.'"

पान संपलं. भाचीने ते उलटून ठेवायच्या आधी, डोळे मिटलेले सर हळूच म्हणाले, "सकाळी पाणी उतरलं होतं."

भाचीने पुढचं पान उचललं. वर फूल होतं. त्याखाली पहिली ओळ: सकाळी पाणी उतरलं होतं.

तिला पुढचं वाचता येईना. सरांचेही डोळे भरून आले होते. "याच जागी ती नेहमी थांबायची," ते म्हणाले. "पाणी प्यायची आणि मग पुढे वाचायची. तू पण पी."

गोलकीने आपली बाटली पुढे केली. भाची पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली. अर्ध्या तासाने सरांनीच तिला थांबवलं. क्रम बरोबर आहे, आता खात्री झाली, म्हणाले. पण मुलांनी त्यांना उठू दिलं नाही. पेटीचं काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं, तरी ते पुन्हा ऐकल्याशिवाय कुणी हलायला तयार नव्हतं.

शनिवारी डिंकबाईने पुस्तक शिवलं. जाड दोरा, नवा पुठ्ठा, कापडाची पाठ. आकडे पुन्हा लिहू का म्हणून तिने सरांना विचारून घेतलं होतं, नको म्हणाले. दुपारी ते घेऊन गेले. सुतळ्या रिकाम्या लोंबत होत्या, चिमटे टेबलावर होते. खोली फार मोकळी वाटत होती.

भाची दारात आली. शनिवारी शाळा अर्धीच, ग्रंथालयात कुणी नव्हतं, तरी करार होताच. तिने तो मोडला.

"मावशी, अजून काही फाटलंय का?"

डिंकबाईने कपाटांकडे पाहिलं. वीस वर्षं तिने जीव लावून जपलेली पुस्तकं, एकूण एक धड, एकूण एक घट्ट शिवलेली. फाटलेलं एकही नव्हतं.

"बघते," ती म्हणाली. "तू बाहेर थांब जरा."

तिने तिसऱ्या कपाटातून आपलं सगळ्यात आवडतं पुस्तक काढलं. नंतर मागच्या खोलीत गेली, दार लोटलं, वडिलांच्या फोटोकडे न बघता सुरी उचलली आणि स्वतःच्या हाताने घातलेला पहिला टाका कापला.